डब्यावर न छापलेलं

रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लॉइड व्रोना एक किक मारायचा. पायाने नव्हे, अंगठ्याने. टीव्हीसमोर उभा राहून, पायात नुसते मोजे, कॉफीचा मग कपाटावर आणि हातात गेमचा कंट्रोलर. संघ तोच, अंतर तेच त्रेचाळीस यार्ड, मैदानाची डावी बाजू, वारा डावीकडून उजवीकडे. लंबगोल चेंडू पिवळ्या खांबांमधून गेला की नाही, हे तो तारेच्या वहीत लिहायचा आणि पुढे एकच ओळ जोडायचा. ‘गेला. गवत ओलं दिसतंय, पण बूट घसरत नाही.’ ‘हुकला. वारा होता, झेंडा हलला नाही.’ नंतर मशीन बंद, कॉफीचा मग विसळून पालथा, आणि तो कामावर.

काम म्हणजे हार्लन क्रीक या अमेरिकेतल्या गावच्या हायस्कूलचं फुटबॉलचं मैदान. गवत कापायचं, पाणी द्यायचं आणि दर गुरुवारी रेषा मारायच्या. पांढरा रंग फवारणारं यंत्र ढकलत तो ताणलेल्या दोरीच्या कडेने सावकाश चालायचा, तेव्हा मागे वळून बघायचा नाही. वळून बघितलं की हात वळतो, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले आणि अख्खं गाव लाकडी पायऱ्यांवर येऊन बसलं, की त्या रेषांकडे कुणी बघत नसे. लॉइडला ते बरं वाटायचं. रेषा चुकली असती तरच बघितली असती त्यांनी.

गेमबद्दल लिहायला तो लागला तो अशाच एका कुरकुरीतून. कंपनी दर ऑगस्टला तोच फुटबॉलचा गेम नवा आकडा घालून काढते आणि गाव दर ऑगस्टला तो विकत घेतं. त्या वर्षी डायनरमध्ये लॉइड कुणालाही उद्देशून नसल्यासारखा बोलत होता, “शाळेच्या मैदानावर आतल्या खुणा मोठ्या लीगच्या मापाने घातल्यात. शाळेच्या खुणा एकमेकींपासून लांब असतात. चेंडू कडेला पडला की किक मारणाऱ्याचा कोनच बदलतो. सत्तर डॉलर घेतात आणि एक टेप लावून मोजत नाहीत!”

शेजारच्या टेबलावर मार्सी टिल्डन अंडी खात होती. गावचं साप्ताहिक ती एकटीच काढायची. ती म्हणाली, “लिहून दे हे.”

“मी? मी काय लेखक आहे?”

“लेखक नकोच. लेखक आहे माझ्याकडे, माझा मेहुणा. तीन आठवडे झाले, तो शरद ऋतूवर लिहितोय. मला टेपवाला हवाय.”

असं ते सदर सुरू झालं. वर्षातून एकदा, पण वाट बघितली जायची. लॉइडची रीत ठरलेली. शुक्रवारी गेम आला की दहा दिवस तो दुसरं काही करत नसे. एक संघ घ्यायचा, पूर्ण हंगाम खेळायचा आणि तीन याद्या करायच्या. नवीन काय आलं, तेच काय राहिलं, आणि काढून काय टाकलं. मार्सीला त्याने एकदा सांगितलं होतं, “पहिली यादी कंपनी स्वतःच ओरडून सांगते. दुसरी कुणालाही दिसते. तिसरीसाठी बसावं लागतं. काढून टाकलेलं डब्यावर छापत नाहीत.”

शेवटी एक ओळ. ‘घ्या’ किंवा ‘गेल्या वर्षीचाच चालवा’. लागोपाठ दोन वर्षं त्याने ‘गेल्या वर्षीचाच चालवा’ लिहिलं, तेव्हा कपडे धुण्याच्या दुकानाशेजारी गेम विकणारा टेरेल मेबरी त्याला दारातच म्हणाला होता, “ये रे बाबा, ये. पोटावर पाय द्यायला आलायस ना? बूट पुसून दे.” पण टेरेलनेसुद्धा ते कात्रण काउंटरवर चिकटवलं होतं. लॉइडने लिहिलंय म्हणजे तसंच असणार, हे गावात एवढं पक्कं होतं की त्यावर कुणी बोलतही नसे.

हा विश्वास त्याच्यावर पहिल्यांदा टाकला होता कोच डेल ओस्टरमन यांनी, तो सोळा वर्षांचा असताना. लॉइड त्यांच्या संघात किक मारणाऱ्यांमध्ये तिसरा होता. तीन वर्षांत तो सहा वेळा मैदानात उतरला, त्यातल्या चार वेळा पाणी द्यायला. पण सामना अडला की कोच बाकावर बसलेल्या याच पोराकडे वळायचे. “व्रोना, काय दिसतं?” बाकीची पोरं कोचना काय ऐकायचंय ते सांगायची. लॉइड म्हणायचा, “त्यांचा सत्तर नंबर दमलाय, कोच. हात मांडीवर ठेवतोय.” किंवा, “आपलाच चुकतोय, कोच. दर वेळी एक पाऊल आधी निघतो.” पुढे पोलादाचा कारखाना बंद पडला, लॉइड घरी बसला, आई आजारी पडली, तेव्हा कोच शाळेच्या ऑफिसात जाऊन बसले आणि मैदानाची नोकरी घेऊनच उठले. लॉइडला ते एवढंच म्हणाले, “तुला पळता येत नाही, व्रोना, फेकता येत नाही. पण दिसतं ते सांगतोस. मैदानाला असाच माणूस लागतो.”

त्र्याहत्तराव्या वर्षी कोचना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. बोलणं हळूहळू परत आलं. त्यांच्या पत्नी, आयरीन, सांगायच्या, “आधी शिव्या परत आल्या. चर्चचे फादर भेटायला आले होते, नेमक्या तेव्हाच.” शुक्रवारी दोन माणसं त्यांना खुर्चीसकट मैदानाच्या वरच्या खोलीत न्यायची. तिथून ते खाली बघत आणि नव्या कोचच्या कानातल्या यंत्रात दोन-चार शब्द बोलत. बाकीचे सहा दिवस काढायचे कसे, हा प्रश्न होता. तो लॉइडने सोडवला. गेममध्ये ‘फक्त कोच’ नावाचा एक पर्याय होता. आपण चाल निवडायची, पळणं-फेकणं मशीन करणार. एका हाताने जमायचं. कोचनी डाव्या हाताने आणि आयरीनच्या मदतीने त्यात आपला जुना संघच उभा केला, एक्केचाळीस पोरं, नावं आणि नंबरांसकट. प्रत्येकाला शंभरपैकी गुण दिले. कुणावर मेहेरबानी केली नाही. तीन नंबरच्या लॉइड व्रोनाला किकमध्ये बावन्न मिळाले, वेगात चाळीस. आणि ‘भान’ म्हणून एक रकाना होता, त्यात नव्याण्णव.

लॉइड त्या बावन्नवर मोठ्याने हसला होता. नव्याण्णव बघून त्याने यादी पुढे सरकवली. घरी जाताना गाडीत मात्र त्याने रेडिओ लावला नाही.

त्या ‘फक्त कोच’बद्दल त्याने सदरात एक परिच्छेद लिहिला होता. एका हाताने खेळायचं असेल तर कुठे जायचं, कोणतं पान, कोणती ओळ. गावाला तो आवडला. म्हणून पुढच्या वर्षी त्याने तो तपासून पुन्हा लिहिला.

आणि मग तो ऑगस्ट आला, ज्याच्याबद्दल लॉइडला कधी नीट बोलता आलं नाही. कारण काही झालंच नव्हतं. कुणी वारलं नव्हतं, तो आजारी नव्हता, मैदानावर जास्तीचं काम नव्हतं. शुक्रवारी गेम आला. दोन तास खेळून त्याला कंटाळा आला. तेच मैदान, तोच आरडाओरडा, नवे शर्ट. बाहेर हवा सुरेख होती आणि तळ्यावर पर्च मासे लागत होते. तो शनिवारी गेला, रविवारी गेला, मग रोजच काम सुटलं की जायला लागला. सकाळची किकही राहिली, कारण सकाळीही तो गळ घेऊन निघायचा.

मंगळवारी दुपारी बाराला मजकूर द्यायचा होता. साडेदहाला लॉइडने गेल्या वर्षीचं सदर काढलं, आकडा बदलला, डब्यावरच्या खेळाडूचं नाव बदललं, नव्या शर्टांवर तीन वाक्यं घातली. ‘फक्त कोच’चा परिच्छेद लोकांना आवडतो म्हणून तसाच ठेवला. वर एक वाक्य जोडलं, ‘हा पर्याय यंदाही जागच्या जागी आहे.’ शेवटी लिहिलं, ‘घ्या.’ पाऊण तासात झालं. नंतर त्याला सगळ्यात जास्त टोचायचं ते हे, की तेव्हा त्याला वाईट वाटलं नव्हतं. उलट हुशारी केल्यासारखं वाटलं होतं. शिवाय जाता जाता त्याने वहीतल्या दहा रिकाम्या दिवसांत एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहून टाकलं. ‘गेला.’ ‘गेला.’ ‘हुकला.’ ‘गेला.’ ती वही त्याच्याशिवाय कुणी वाचत नव्हतं.

गुरुवारी अंक आला. डायनरमध्ये कुणीतरी म्हणालं, “यंदाचं सगळ्यात चांगलं जमलंय, लॉइड.” तो म्हणाला, “थँक्यू,” आणि परतलेल्या बटाट्यांची बशी पुढे ओढली.

पाच दिवसांनी, मंगळवारी, तो मैदानावर गवत कापायचं यंत्र ढकलत असताना आयरीनचा फोन आला. “लॉइड, ते एका हाताचं कुठं आहे रे? डेलला सापडत नाहीये. शनिवारी आणला आम्ही गेम, जुना टेरेलला देऊन.”

“सेटिंगमध्ये बघा, मिसेस ओस्टरमन. तिसरं पान, सगळ्यात खाली.”

“तिथं बघितलं त्याने.”

“असेल तिथेच. जरा वर-खाली सरकलं असेल.”

“बरं. तू म्हणतोस म्हणजे असेलच.”

फोन खिशात ठेवून त्याने उरलेलं गवत कापलं. संध्याकाळी घरी जाऊन बघू, असं त्याच्या मनात आलं होतं. बघितलं नाही.

पुढच्या मंगळवारी पुन्हा फोन. या वेळी आयरीन स्वयंपाकघरातून हळू आवाजात बोलत होत्या. “लॉइड, मी उद्या सकाळी त्याला डॉक्टरकडे नेतेय, डोक्याचा फोटो काढायला. त्याला वाटतंय पुन्हा झटका येऊन गेला. बारीकसा, कळला नाही असा. मी त्याला म्हटलं, अरे गेममध्ये नसेल ते. तर माझ्यावरच ओरडला. म्हणे, व्रोनाने छापलंय म्हणजे आहे. मलाच दिसत नाहीये. शुक्रवारी पहिला सामना आहे ना? शाळेत फोन करून सांगितलंय त्याने, मला न्यायला येऊ नका. ज्याला पानावरचं दिसत नाही त्याने पोरांना काय सांगायचं, म्हणतो.”

लॉइड म्हणाला, “मी येतो उद्या. कामावरून सुटलो की येतो.”

घरी येऊन त्याने मशीन लावलं. तिसरं पान. चौथं. पहिल्यापासून पुन्हा. ‘फक्त कोच’ कुठेच नव्हतं. स्वतःचा संघ बांधायची जागाही नव्हती. काढून टाकलं होतं, आणि डब्यावर अर्थातच छापलं नव्हतं. हे कळायला त्याला अठरा मिनिटं लागली. तो उठून न्हाणीघरात गेला, तोंड धुतलं, आरशात न बघता टॉवेल घेतला आणि परत येऊन तसाच उभा राहिला. बसावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी गाडी चालवताना त्याला एक वाट सापडली. आणि सापडल्याबरोबर इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाचीच नंतर त्याला किळस आली. गेममध्ये इंटरनेटवरून अपडेट येत असतात. कधी काही घालतात, कधी काढतात. छापलं तेव्हा होतं, मग अपडेट आला, गेलं. कोण तपासणार? कोचचं डोकं ठीक, लॉइडचं सदर ठीक.

ओस्टरमनांच्या घरात कोबीच्या पानांत भरलेल्या खिम्याचा वास होता. डॉक्टरांनी फोटो काढला होता, निकाल दोन दिवसांनी होता. कोच खुर्चीत होते, पायावर घोंगडी. समोर बंद टीव्ही. टीव्हीच्या कडेला लॉइडचं सदर कापून चिकटवलेलं, आणि त्यातला तो परिच्छेद पिवळ्या पेनाने रंगवलेला. वृत्तपत्राचा कागद बोट फिरवून फिरवून तिथे मऊ पडला होता.

लॉइड उभ्यानेच म्हणाला, “कोच, अपडेट आला असणार. गेल्या आठवड्यात. त्यात काढलं त्यांनी. तुमचा काही दोष नाही.”

आयरीन दारात येऊन थांबल्या. “बघ! मी म्हटलं नव्हतं?”

कोचनी डाव्या हाताने बाजूच्या टेबलावरून एक वही ओढली. शाळेची, रेघांची. “बस,” म्हणाले. “वाच.”

डाव्या हाताची अक्षरं मोठी होती, पहिलीतल्या मुलाची असावीत तशी. दिवस पहिला. सेटिंग, पान एक ते पाच. नाही. दिवस दुसरा. व्रोना म्हणतो तसं, पान तीन, खाली. नाही. आयरीनलाही नाही दिसलं. दिवस चौथा. हंगामाच्या पानात शोधलं. माझा संघ पण नाही. दिवस पाचवा. व्रोना फोनवर म्हणाला, वर-खाली असेल. चार वेळा. नाही. दिवस सातवा. मोठा चष्मा लावून. दिवस नववा. सगळी पानं आयरीनकडून मोठ्याने वाचून घेतली. मी ऐकताना झोपलो असेन. अकरा दिवस असे. शेवटच्या दिवशी फक्त एवढं होतं : मला दिसत नाही.

“पहिला दिवस बघ,” कोच म्हणाले. शब्द सावकाश यायचे त्यांचे, एकेक ठेवल्यासारखे. “शनिवार. शुक्रवारच्या वादळात वायर तुटली होती. इंटरनेट नव्हतं. मंगळवारी माणूस आला जोडायला. मग अपडेट आला कुठून? शनिवारी ते डिस्कवर होतं, व्रोना. तू बघितलंस ना? मग मला का नाही दिसलं?”

स्वयंपाकघरात झाकण थरथरत होतं, पण आयरीन गेल्या नाहीत.

कोचनी मान वर केली. “तू खेळलास ना पूर्ण? तिथे काय दिसलं तुला?”

हा प्रश्न त्यांनी त्याला बाकावर बसलेला असताना शंभर वेळा विचारला होता. वहीवरचा लॉइडचा अंगठा ओला झाला होता आणि तो त्या मोठ्या अक्षरांवरून उचलायला हवा, एवढंच त्याला सुचत होतं.

“मी बघितलंच नाही, कोच.”

“काय?”

“मी खेळलोच नाही. दोन तास खेळलो. बाकी गेल्या वर्षीचं उतरवलं. ‘यंदाही आहे’ हे मी न बघताच लिहिलं. फोनवर सांगितलं तेही न बघताच. आणि आत्ता अपडेटचं बोललो ते... येताना गाडीत जुळवलं.”

आयरीन म्हणाल्या, “दोन तास?” त्यांचा आवाज चढला नाही. “लॉइड, मी आज सकाळी त्या फोटोच्या यंत्राच्या नळीत त्याला आत जाताना बघितलं. घाबरून माझा हात सोडत नव्हता हा. आणि तू कुठे होतास ते दहा दिवस?”

“तळ्यावर.”

“मासे पकडत?”

“हो.”

आयरीन वळून आत गेल्या. नळ सुरू झाला, बराच वेळ सुरू राहिला. आतून एकदा हसल्यासारखा आवाज आला, पण ते हसणं होतं की नाही हे लॉइडला कळलं नाही.

कोच बंद टीव्हीकडे बघत होते. चेहऱ्याची डावी बाजू हलत होती, उजवी नेहमीसारखी स्थिर. मग ते म्हणाले, “म्हणजे ते नव्हतंच तिथे.”

“नव्हतंच.”

“मी बरोबर होतो.”

“अकराच्या अकरा दिवस, कोच.”

कोचनी एक शिवी दिली. खणखणीत, एकही अक्षर न अडखळता. नंतर म्हणाले, “आयरीन, शाळेत फोन लाव. शुक्रवारी खुर्ची न्यायला माणसं पाठव म्हणावं.” आणि लॉइडकडे न बघता, “अकरा दिवस, व्रोना.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. लॉइडनेही मागितलं नाही. मागितलं तर त्यांना द्यावं लागेल, आणि तेवढा त्रासही आता त्यांना द्यायचा नाही, असं त्याला वाटलं. जाताना त्याने एकच विचारलं, “ही वही मला दोन दिवस द्याल?”

गुरुवारी तो वही घेऊन मार्सीकडे गेला. ती म्हणाली, “एक ओळ टाकते ना. ‘मागील अंकातील अमुक पर्याय यंदाच्या गेममध्ये उपलब्ध नाही.’ संपलं. सगळे असंच करतात. तू कशाला कपडे काढून चौकात उभा राहतोस?”

“सगळं छाप.”

“लॉइड, अरे माझ्या पेपरचंही नाव आहे यात.”

“म्हणूनच सगळं छाप.”

पुढच्या अंकात त्याच जागी, त्याच चौकटीत ते आलं. ‘यंदाच्या गेमचं परीक्षण मी केलेलं नाही. दोन तास खेळून मी गेल्या वर्षीचा मजकूर उतरवून दिला. खरं परीक्षण डेल ओस्टरमन यांनी अकरा दिवस, एका हाताने केलं. ते खाली देतो.’ आणि खाली कोचची वही, पहिल्या दिवसापासून, जशीच्या तशी. फक्त ‘मला दिसत नाही’ ही शेवटची नोंद ठेवायची का, हे लॉइडने कोचना विचारून घेतलं होतं. राहू दे, म्हणाले होते. शेवटी, ‘गेल्या वर्षीचाच चालवा. मी इथे पुन्हा लिहिणार नाही. लॉइड व्रोना.’

डायनरमध्ये तो आत शिरला की बोलणं एक क्षण थांबायचं. त्याला बसायची जागा मिळायची, कॉफी मिळायची, ती ओतणाऱ्या बाईचा हात मात्र पूर्वीसारखा रेंगाळायचा नाही. टेरेलने मात्र मोकळेपणी बोलून टाकलं. “यंदाचा लॉइड काय घेता? गेल्या वर्षीचाच आहे. आकडा बदललाय नुसता.” सगळे हसले. लॉइडही हसला. हे वाक्य गावात बरीच वर्षं टिकलं. कुणी शिळा केक आणला, जुनाच कोट रंगवून घातला, की कुणीतरी ते म्हणायचंच, आणि लॉइड तिथे असला की कप उचलून आत बघायचा. कोचसाठी गेल्या वर्षीची डिस्क मात्र टेरेलनेच तीन गावं फोन करून शोधली, आणि लॉइडकडून तिचे पैसे घेतले नाहीत. “तुझ्यासाठी नाही आणलेली,” म्हणाला.

एक्केचाळीस पोरं मशीनमध्ये जागच्या जागी होती. लॉइडने डिस्क घातली तेव्हा यादी पुन्हा वर आली आणि तीन नंबरवर थांबली. किक बावन्न. वेग चाळीस. भान नव्याण्णव. लॉइड म्हणाला, “कोच, हा आकडा कमी करा.”

कोच म्हणाले, “किती करायचा ते तुला सांगता आलं की करीन.”

त्याला तेव्हा कळलं नाही ते काय म्हणाले. पण त्यांनी तो आकडा कधी बदलला नाही, आणि लॉइडला दर वेळी त्या ओळीवरून नजर पुढे न्यावी लागायची.

सकाळची किक त्याने सोडली नाही. वहीतल्या त्या दहा ओळींपुढे त्याने लाल पेनाने ‘खरं नाही’ असं लिहिलं, प्रत्येक ओळीपुढे वेगळं, दहा वेळा. नंतर ज्या दिवशी किक राहिली त्या दिवशी ‘मारली नाही’ लिहायला लागला. सदर मार्सीने मेहुण्याला दिलं. त्याने शर्टांच्या रंगांवर दोन पानं लिहिली.

पण ऑगस्ट आला की लॉइड तीन याद्या करायचा. छापायला नाही. कामावरून सुटला की आपली डिस्क घेऊन थेट ओस्टरमनांकडे जायचा, कोचच्या खुर्चीशेजारी ठेवलेल्या स्टुलावर बसायचा आणि त्यांच्यासमोरच पूर्ण हंगाम खेळायचा, एकही सामना न वगळता. आयरीन पहिल्या वर्षी त्याला फक्त पाणी द्यायच्या. दुसऱ्या वर्षी कॉफी. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी न विचारता त्याच्यासाठी ताट वाढलं. त्या दिवशी तो जेवताना इतका गप्प होता की कोच म्हणाले, “मीठ जास्त झालंय का, व्रोना? सांग, सांग, ती आता तुला काही करणार नाही.” त्याची यादी पूर्ण होईपर्यंत ओस्टरमनांकडे नवा गेम घेतला जात नसे. आणि गावात तसं कुणी कबूल केलं नाही, पण टेरेल सांगायचा, ऑगस्टच्या शेवटी लोक सहजच विचारतात, “ओस्टरमनांनी घेतला का रे यंदाचा?”

चौथ्या वर्षी, ऑगस्टमधल्या एका बुधवारी, संध्याकाळी पावणेसहा वाजता लॉइडने कंट्रोलर टेबलावर ठेवला. गुरुवारी सकाळी मैदानावर रेषा मारायला तो आला नाही, म्हणून शाळेचा शिपाई घरी गेला, तेव्हा कपाटावर कॉफीचा मग होता आणि वहीत त्या तारखेपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. पण बुधवारी त्याला काही होत नव्हतं. त्याने टोपी घातली, खिशात किल्ल्या चाचपल्या. आयरीननी उरलेल्या पिएरोगींचा, त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा त्याच्या हातात दिला. तिसऱ्या यादीचा कागद स्टुलावरच होता, अर्धा भरलेला. दारापर्यंत पोहोचल्यावर मागून कोचनी विचारलं, “मग, व्रोना? काय दिसतं? घ्यायचा का यंदाचा?”

“अजून दोन सामने राहिलेत, कोच. ते झाले की सांगतो.”